खानसाम्याने राखलेले सोवळे

सोवळ्यातला स्वयंपाक कसा असतो हे खेड्यातल्या माणसाला फोडून सांगायला नको. श्राद्धपक्ष असो की कुळधर्म, त्या दिवशी चूल सारवलेली असते, भांडी वेगळी काढलेली असतात, पाणी वेगळे भरलेले असते, आणि दारात आलेल्या पोराला घरातली म्हातारी लांबूनच ओरडते, "शिवू नकोस रे!" ज्याचे सोवळे त्यानेच सांभाळायचे, ही आपली समजूत. आता अशी कल्पना करा की अशा घरातला सगळा स्वयंपाक दुसऱ्याच धर्माचा माणूस करतो आहे. सोवळे यजमानाचे, राखणारा मात्र आचारी, आणि त्या आचाऱ्याच्या स्वतःच्या धर्माला ह्या सोवळ्याशी काही देणेघेणे नाही. असं कुठं होतं का, असं तुम्ही म्हणाल. कलकत्त्यात ते पिढ्यान्‌पिढ्या होत आले. तिथल्या यहुदी घरांत मुसलमान खानसामे रांधत असत, आणि यहुद्यांचा खाण्यापिण्याच्या बाबतीत सर्वांत कडक सण जो वल्हांडण, त्याचे जेवणही त्यांच्याच हातून उतरत असे.

यहुदी म्हटले की आपल्याला कोकणातले बेने इस्राएल आठवतात. अलिबाग-पेणच्या बाजूला तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनवार तेली म्हणवणारे, आणि आपल्यासारखीच मराठी बोलणारे. कलकत्त्याचे यहुदी ते हे नव्हत. ते बगदाद, बसरा, हलब ह्या शहरांकडून व्यापारासाठी आलेले आणि घरात अरबी बोलणारे. हलबचा शालोम कोहेन सुरतेहून १७९८ मध्ये कलकत्त्याला गेला, तिथून ह्या वसाहतीची सुरुवात धरतात. मुंबईला १८३२ मध्ये आलेला डेव्हिड ससून हाही ह्याच बगदादी मंडळींपैकी. नीळ, रेशीम, अफू ह्यांच्या व्यापारात त्यांनी पैसा मिळवला आणि कलकत्त्यात मोठमोठ्या इमारती उठवल्या. बेथ एल हे त्यांचे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, १८५६ चे आणि मागेन डेव्हिड १८८४ चे. दोन्ही आजही उभी आहेत.

अशा घरांना आचारी पाहिजे, आणि तो मांस शिजवणारा पाहिजे. कलकत्त्याच्या साहेबी बंगल्यांतून खानसामे बहुतेक मुसलमानच असत. यहुद्यांना तर ते अधिकच सोयीचे, कारण डुक्कर दोघांनाही वर्ज्य आणि जनावर नीट कापलेले असावे हा कटाक्ष दोघांचाही. पण इथे एक गंमत आहे. कुराणाने यहुद्यांचे अन्न मुसलमानाला मोकळे केले आहे. उलट, मुसलमानाने कापलेल्या बकऱ्याचे मांस यहुद्याला चालत नाही. ते त्यांच्या शोहेताने, म्हणजे शास्त्र शिकलेल्या कापणाऱ्यानेच, कापलेले लागते. म्हणजे खानसामा शेठजींच्या हंडीतले खाऊ शके, शेठजींना मात्र खानसाम्याच्या घरच्या हंडीतले चालत नसे. हा एकतर्फी व्यवहार त्या स्वयंपाकघरात रोजचाच होता.

मुसलमानाने यहुद्याच्या चुलीकडे पाहून काही शिकावे, ही गोष्ट तशी नवी नाही. स्पेनमध्ये अरबांचे राज्य होते त्या काळातला, तेराव्या शतकातला, एक अरबी पाकग्रंथ उपलब्ध आहे. लिहिणाऱ्याचे नाव त्यावर नाही. त्यात चार-दोन पदार्थ 'यहुदी' म्हणूनच दिलेले आहेत. तितराचे एक कालवण त्यातलेच. कुणीतरी शेजारच्या घरी चाखले, विचारले आणि लिहून ठेवले.

कलकत्त्याच्या खानसाम्याला मात्र नुसते पदार्थ शिकून भागत नव्हते. त्याला नियम शिकावे लागत. मासा खवले आणि पर दोन्ही असलेलाच हवा. म्हणजे हिलसा चालतो, पण बंगाल्यांची आवडती कोळंबी घरात येता कामा नये आणि खेकडा तर नाहीच. मांस आणल्यावर ते अर्धा तास पाण्यात भिजवायचे, मग मीठ चोळून तासभर निथळत ठेवायचे, मग तीनदा धुवायचे, कारण रक्त पोटात जाऊ द्यायचे नाही. कलेजीला एवढ्यानेही भागत नाही, ती उघड्या जाळावर भाजावी लागते. अंडे फोडले की आधी वाटीत पाहायचे; रक्ताचा ठिपका दिसला तर फेकून द्यायचे.

सर्वांत अवघड गोष्ट दुधाची. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, हे वचन त्यांच्या धर्मग्रंथात तीन वेळा आले आहे. त्यावरून मांस आणि दूध ह्यांची पुरी फारकत झाली. भांडी वेगळी, पळ्या वेगळ्या. आता विचार करा, खानसामा ज्या उस्तादाच्या हाताखाली तयार झाला तिथे कोर्म्यात दही आणि पुलावात तूप. मांसाला तुपाची फोडणी नाही तर चव कशाला येणार, असे त्याला वाटत असेल तर त्याचे काय चुकले? नवे शिकणे एक वेळ सोपे, पण हाताला लागलेली सवय मोडणे फार कठीण. कलकत्त्याच्या यहुदी स्वयंपाकात ह्यावर तोड निघाली ती नारळाची. तुपाच्या जागी तेल आणि दह्यादुधाच्या जागी नारळाचे दूध. कोकणातल्या बेने इस्राएलांनीही मटणाच्या रश्शाला नारळाचेच दूध घातले. दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध नसताना दोघे एकाच झाडाखाली आले, हे मला मोठे मजेचे वाटते.

एवढे सगळे पाळले तरी शास्त्राची एक शंका उरतेच. यहुदी नसलेल्याने एकट्याने शिजवलेले अन्न यहुद्याला चालते का? फळासारखे कच्चे खाता येण्याजोगे, किंवा राजाच्या पंगतीत वाढण्याच्या योग्यतेचे नसलेले साधे अन्न असेल तर चालते. एरवी नाही. ह्यावर त्यांच्या पंडितांत वाद आहे. योसेफ कारो ह्याचा 'शुल्हान आरुख' नावाचा नियमग्रंथ १५६५ मध्ये व्हेनिसला छापला गेला. त्याचा कल असा, की भांडे चुलीवर यहुद्यानेच ठेवले पाहिजे. पोलंडमधला मोशे इस्सर्लेस म्हणतो, जाळ यहुद्याने पेटवला की पुरे, पुढचे कुणीही करो. नोकरांच्या बाबतीत काही जण आणखी सवलत देतात. तर अशा घरात सकाळी उठून चूल पेटवण्याची एक काडी घरच्या माणसाने ओढायची आणि मग दिवसभर ती चूल खानसाम्याच्या स्वाधीन. एका काडीवर सगळे सोवळे तोललेले!

हे झाले वर्षभराचे. वल्हांडण आला म्हणजे ह्या सगळ्याच्या वर आणखी एक मजला चढतो.

मराठी बायबलात ज्याला वल्हांडण म्हटले आहे तो यहुद्यांचा पेसाह. मिसर देशात फारो राजाच्या गुलामगिरीत असलेले इस्राएल लोक मोशेच्या मागून बाहेर पडले, त्याची ही आठवण. निघायची इतकी घाई की पीठ फुगायलाही वेळ मिळाला नाही; तसेच बिनखमिराचे पीठ घेऊन ते निघाले. म्हणून ह्या सणात खमीर वर्ज्य. यहुद्यांचे महिने आपल्यासारखेच चांद्र आणि अधिक महिना घालून ऋतूंशी जुळवलेले. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने. त्यामुळे हा सण वसंताच्या पौर्णिमेला येतो आणि पुष्कळदा आपल्या हनुमानजयंतीच्या आसपासच पडतो. इस्राएल देशाबाहेर तो आठ दिवस चालतो आणि पहिल्या दोन रात्री थाटाचे जेवण असते. त्याला सेदेर म्हणतात.

खमीर म्हणजे नुसता पाव समजू नका. गहू, सातू आणि त्या जातीची आणखी तीन धान्ये, मिळून पाच. ह्यांचे पीठ पाण्याने भिजले आणि अठरा मिनिटांत भाजून झाले नाही, की ते खमीर. अठरा मिनिटे म्हणजे आपल्या हिशेबाने बरोबर पाऊण घटका. असा पदार्थ त्या आठ दिवसांत खायचा नाहीच, पण घरातही ठेवायचा नाही. एक कणसुद्धा नाही. सणाच्या आदल्या रात्री घरातला कर्ता माणूस दिवा घेऊन कोपरान्‌कोपरा शोधतो आणि जे सापडेल ते सकाळी जाळतो. आपल्या मिसळणाच्या डब्यातला बांधणीचा हिंग घ्या. त्यात गव्हाचे पीठ असते, म्हणजे तोही बाद. बाजारात दळलेल्या मसाल्याचा तरी भरवसा काय? त्याच जात्यावर आधी गहू दळला असेल. म्हणून हळद-मिरची घरीच कुटायची, मीठ निवडून ठेवायचे.

भात चालतो का? युरोपातल्या यहुद्यांना ह्या सणात भातही वर्ज्य. बगदादी आणि बेने इस्राएल ह्यांना मात्र चालतो, पण तांदूळ एकदा नव्हे, तीनदा निवडायचा. त्यात गव्हाचा एक दाणा निघाला आणि तसाच शिजला, तर ती हंडी गेली. खानसाम्याचा मसाला थोडा कमीजास्त झाला तर जेवणाराच्या तोंडाची चव जाईल, एवढेच. पण असा एक दाणा त्याच्या नजरेतून निसटला तर त्या घराच्या सणालाच बट्टा लागतो, आणि तो लागला हे कुणाला कळणारही नाही. घरच्या बायका देखरेखीला असत, निवडायलाही बसत. तरी शेवटी चुलीपाशी उभा तोच.

भांड्यांचे नियम ऐकले तर आपल्या आजीने सांगितल्यासारखे वाटतील. मातीच्या भांड्याने एकदा शोषले ते ते परत सोडत नाही, म्हणून वर्षभराचे मडके ह्या सणाला चालायचे नाही, नवेच पाहिजे. धातूचे भांडे उकळत्या पाण्यात बुडवून शुद्ध होते. जे थेट विस्तवावर वापरतात, म्हणजे भाजायच्या सळ्यांसारखे, ते लाल होईपर्यंत तापवावे लागते. काच बगदाद्यांच्या मते शोषत नाही, धुतली की झाले. ज्यांना परवडे ते सणाची भांडी वेगळीच बांधून ठेवत. शाळेतल्या गुरुजींनी मुलांना हे अवश्य सांगावे, की माती शोषते आणि काच शोषत नाही, ही निरीक्षणे दोन दूरच्या समाजांनी आपापल्या चुलीपाशी केली आणि दोघांनी त्यांचे शास्त्र बनवले.

आता गंमत पाहा. इतके सगळे ज्याच्या हाती सोपवले, त्याला एक गोष्ट मात्र करता येत नसे. ती म्हणजे मात्झा, त्या सणाची बेखमीर भाकर. सेदेरच्या रात्री जी मात्झा खायची ती देवाची आज्ञा पाळण्याच्या संकल्पाने केलेली असावी लागते, आणि तो संकल्प यहुद्याचाच पाहिजे. पीठ पाण्यापासून जपलेले, पाणी रात्रभर ठेवून गार झालेले, आणि मळण्यापासून भाजण्यापर्यंत ती पाऊण घटका. खानसाम्याचा हात कितीही सफाईचा असला तरी इथे त्याने बाजूला व्हायचे. पुण्यात १८७४ मध्ये ह्या सणाच्या रात्री वाचायची पोथी, म्हणजे हग्गादा, हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली. तिच्यातल्या एका चित्रात मात्झा कशी करतात ते दाखवले आहे. करणाऱ्या बायका आपल्याच बायकांसारख्या लुगडी नेसून, जमिनीवर बसून काम करताना दिसतात. कोकणातल्या खेड्यांत खानसामा कोण ठेवणार? तिथे सगळे घरच्याच हातांनी होई. आंबट रसाचे मडके झाकून ठेवण्याचा सण, अशा अर्थाचे एक गावठी नावही बेने इस्राएलांत ह्या सणाला होते. अरबी की मराठी, श्रीमंत की गरीब, खमिराचे मडके दोघांकडेही बंदच.

परक्या माणसाला मात्झा करता येत नाही, पण एका कामासाठी परका माणूसच लागतो. घरात दुकानाचा माल असेल, गव्हाची पोती असतील, तर ती जाळणार कशी? अशा वेळी ते सगळे खमीर सणापुरते यहुदी नसलेल्या माणसाला रीतसर विकून टाकतात आणि सण संपल्यावर परत विकत घेतात. व्यवहार खरा, किंमत ठरलेली. म्हणजे ज्या सणात परक्याने भाकरीला हात लावायचा नाही, तो सण परक्याशिवाय पुराही होत नाही.

सेदेरचे ताट मोठे विचारपूर्वक मांडलेले असते. गुलामगिरीचा कडूपणा आठवावा म्हणून कडू पाला. बगदादी मंडळी सॅलडची पाने घेत. मंदिरातल्या जुन्या बलीची खूण म्हणून भाजलेले हाड, आणि एक अंडे. विटा थापायच्या चिखलाची आठवण म्हणून हलेक. हे हलेक म्हणजे खजुराचा पाक. खजूर पाण्यात उकळायचा, फडक्यातून पिळून काढायचा, मग तो रस मंद आचेवर मधासारखा होईपर्यंत आटवायचा आणि वरून अक्रोडाचा चुरा घालायचा. उसाचा रस काहिलीत आटवणाऱ्या आपल्या गुळव्याला हे काम पाहताक्षणी समजेल. चार पेले दारू पिण्याची रीत आहे, पण यहुद्याने न केलेली द्राक्षाची दारू त्यांना चालत नाही, म्हणून हिंदुस्थानात घरोघरी मनुका भिजवून त्यांचे सरबत करत.

त्या रात्री घरातला लहान मुलगा वाटसरूचे सोंग घेई. मात्झा फडक्यात बांधून खांद्यावर टाकी. मोठी माणसे विचारीत, "कुठून आलास?" तो म्हणे, "मिसराहून." "कुठे निघालास?" "यरुशलेमला." हे सगळे अरबीत चाले. खानसामा आत ताटे भरीत असे आणि बाहेर गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांची गोष्ट वाचली जात असे. दर वर्षी ती कानावर पडून त्याला कितपत समजत होती? मोशेची गोष्ट त्यालाही परकी नव्हती. कुराणात मूसा नावाने तोच येतो आणि फिरऔनही तोच. मुसलमानी पंचांगात अधिक महिना नसल्यामुळे रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो, आणि काही वर्षी वल्हांडण रमजानातच येतो. २०२२ आणि २०२३ साली तो तसाच आला होता. अशा वर्षी रोजा धरलेल्या खानसाम्याला सेदेरचे कालवण मीठ न चाखता, वासावर आणि रंगावर उतरवावे लागणार, हे उघडच आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रह्मदेशातून पळून आलेले धरून कलकत्त्यात चार-पाच हजार यहुदी होते. १९४७ ची फाळणी झाली, १९४८ मध्ये इस्राएल देश झाला, व्यापाराचे दिवस पालटले, आणि वीस-पंचवीस वर्षांत ही वस्ती लंडनला, इस्राएलला, ऑस्ट्रेलियाला निघून गेली. आज बोटांवर मोजण्याइतकी माणसे उरली आहेत. जाताना त्यांनी पोथ्या नेल्या, चांदीचे पेले नेले. खानसामा नेता येत नव्हता. लंडनच्या थंड स्वयंपाकघरात उभे राहिल्यावर पुष्कळ बायकांच्या ध्यानात आले, की आपल्याला पदार्थांची चव ठाऊक आहे, कृती ठाऊक नाही. मग आठवून, विचारून, चुकत-माकत त्या कृती लिहिल्या गेल्या. मेव्हिस हायमन ह्यांचे पुस्तक १९९२ मध्ये निघाले, तसे इतरांचेही निघाले. फार चांगले काम झाले. माझी तक्रार एवढीच, की एझरांच्या नावाने कलकत्त्यात रस्ता आहे, पण ज्यांनी ते सोवळे राखले त्या खानसाम्यांचे नाव शोधू गेले तर सहसा हाती लागत नाही. ते नोकर होते, पगार घेत होते, हे खरेच. पण दुसऱ्याच्या देवाचा नियम, कुणी पाहत नसतानाही पाळायचा, हे नुसत्या पगारात बसत नाही.

ती सिनेगॉगे आज मुसलमान सेवेकरी झाडतात-पुसतात, दिवाबत्ती करतात. त्यांतल्या काहींची घराणी ओडिशातून आलेली आहेत. १८८१ मध्ये निघालेल्या यहुदी मुलींच्या शाळेत आता बहुतेक मुली मुसलमान आहेत. न्यू मार्केटमधल्या नाहूम ह्यांच्या बेकरीत, जी १९०२ मध्ये सुरू झाली, कारागीर मुसलमानच.

आणि एक पदार्थ सगळीकडे पोचला आहे. आलू मकल्ला. आलू आपला, मकल्ला म्हणजे अरबीत तळलेला. बटाट्याला ना खमिराचा विटाळ ना दुधाचा, म्हणून वल्हांडणालाही चालतो. अख्खे बटाटे सोलून, हळद-मिठाच्या पाण्यात जरासे उकडून, पुसून कोरडे करायचे. मग कढईत तेलात बुडवून मंद जाळावर तासभर, कधी त्याहूनही जास्त, ठेवायचे. शेवटी जाळ वाढवायचा. बाहेरून करकरीत कवच येते, आत लोण्यासारखा मऊ. जेवणारा काटा टोचायला गेला तर बटाटा ताटातून उडी मारून पळतो, म्हणून त्यांना उड्या मारणारे बटाटेच म्हणत. घाई केली की कवच येत नाही. शिजता शिजता तेलाचा आवाज बदलतो, आणि जाळ कधी वाढवायचा हे त्या आवाजावरून ओळखायचे.